बायच्या बोटीची दुसरी खुर्ची

संगणकासमोर बसायच्या आधी बाय लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचायची. मग कानांवर हेडफोन चढवायची, माइक तोंडासमोर ओढायची आणि मासळीबाजारात गिऱ्हाईकाला हाक मारावी तशी ओरडायची, "कोन हाय का रं?"

वसईच्या पाचूबंदरला तिच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहायला आलो, त्याच आठवड्यात ही हाक मी पहिल्यांदा ऐकली. मला वाटलं, ओटीवर कुणी आलंय आणि बायला दिसत नाहीये. हातातली माळ टाकून पुढच्या खोलीत धावले, तर बाय खुर्चीत मांडी घालून बसलेली. समोर पडद्यावर काळं आभाळ, त्यात चांदण्या, आणि मधोमध तिची बोट. बोट म्हणजे अंतराळातलं यान. पण बायनं त्याला यान कधीच म्हटलं नाही. "बोटच ती. तळाला पानी नाय, एवढाच फरक."

बाय माझी घरमालकीण. सगळं पाचूबंदर तिला बायच म्हणायचं. सुरुवातीला मी "बाय, तुम्ही" म्हणाले, तर तिनं मागं वळून बघितलं. "दुसरं कोन उभं हाय का माज्या मागं? मी एकटीच हाय गो. तू म्हन." जन्मभर तिनं मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा टोपली सुटली, आवाज मात्र टोपली उचलणाऱ्या बाईचाच राहिला. संगणकाच्या वर भिंतीवर क्रूस होता, त्याला ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची वाळलेली पात खोवलेली. खेळात गोळीबार सुरू झाला की बाय एका हातानं बोट चालवायची आणि दुसऱ्या हातानं क्रुसाची खूण करायची. तेवढ्यात बोट कुठल्या तरी दगडावर आपटायची. पण बायनं खूण अर्धी सोडलेली मी कधी पाहिली नाही.

मी तिच्या अगदी उलट. माझी शाळा चौथीला सुटली, आणि बोलणं त्याच्याही आधी सुटलं असावं. घरच्या माणसांत ठीक असते. चारचौघांत गळा बंद होतो. दुकानात गेले तर बोटानं दाखवते. नवरा गोखिवऱ्याला बादल्या बनवायच्या कारखान्यात पाळीवर जातो, मी घरी इमिटेशनच्या माळा ओवते. हे लिहितेय तेही तो कामावर गेल्यावर, माळांचं ताट बाजूला सारून. कुणाला दाखवायचं नाहीये. पण बायबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते बोलायला लागले की मला वाटतं, यांना काय माहीत.

हा खेळ घरात आला तो तिच्या मुलामुळं. मुलगा जहाजावर नोकरीला. पहिल्यांदा लांब जायचं होतं तेव्हा संगणक आईपाशी ठेवून गेला, त्यात हा खेळ घालून दिला, बोट कशी चालवायची ते शिकवलं. म्हणाला, "आय, फोन लागला नाय तरी आपन इथं भेटू." एक जागाही ठरवली त्यानं, दोन सूर्य एकमेकांभोवती फिरतात तिथली. तिथं तो दोनदा भेटला. मग त्याचं काम वाढलं, लग्न झालं, घर तिकडं परदेशातच झालं. बाय दुपारी जेवून बोट घेऊन त्या दोन सूर्यांपाशी जायची आणि हाक मारायची, "कोन हाय का रं?" एका दुपारी ओ आली. मुलाची नव्हती. गोखिवऱ्याला स्प्रिंगा बनवणाऱ्या एका दाढीवाल्याची होती.

हे सगळं मला बायनं माळ ओवता ओवता सांगितलं. कारण तोवर मी तिच्या शेजारी बसायला लागले होते.

संगणकापुढं दोन खुर्च्या होत्या. एक बायची, लाकडी, उशी घातलेली. दुसरी लाल प्लास्टिकची, तिचा एक पाय जरा आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. पहिल्या दिवशी बाय म्हणाली, "आत अंधारात कशाला डोळे फोडतेस, इथं बस ताट घेऊन." मी बसले. हळूहळू मला पडद्यावरचं कळायला लागलं. खाली कोपऱ्यात एक गोल चकती असायची. तिच्यात ठिपके यायचे. हिरवा ठिपका म्हणजे आपला माणूस, लाल म्हणजे लुटारू. बायची नजर समोर लागलेली असायची, तिला चकती दिसायची नाही. मग मी मणी ओवता ओवता सांगायचे, "बाय, डावीकडं लाल आहे." बाय बोट वळवायची. एकदा लाल मी आधी पाहिला म्हणून बायची दगड फोडून जमवलेल्या खनिजानं भरलेली बोट वाचली, तर तिनं संध्याकाळी माझ्यासाठी बोंबलाची चटणी वाटली. माझं काम एवढंच होतं. पण त्या दोन-तीन तासांत मी जितकं बोलायचे, तितकं सगळ्या दिवसात बोलत नसे.

बोट नवी घ्यायची वेळ आली तेव्हाची गोष्ट. खनिज विकून विकून बायपाशी खेळातला पैसा जमला होता. दाढीवाला हेडफोनमधून मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगत होता, "बाय, ती एकट्याची घे, बाण आहे बाण. सगळ्यात फास्ट." बायनं दोन खुर्च्यांची जुनी, ढम्म बोट घेतली. दाढीवाला रडकुंडीला आला. "अगं ती बैलगाडी आहे!"

"असूं दे. बोटीचा तांडेल एकटा दर्यात जात नाय."

"इथं कुठं दर्या आहे?"

"तू कदी गेलास का दर्यात? नाय ना? मंग गप."

दुसरी खुर्ची कुणासाठी, ते दाढीवाल्यानं विचारलं नाही. मीही नाही. माझ्या मनात मात्र एक उत्तर होतं, आणि मी ते मनातच ठेवलं.

पुढं ही माणसं प्रत्यक्ष घरी यायला लागली. दाढीवाला आधी आला, मग विरारला शास्त्राची शिकवणी घेणारे एक मास्तर. दोघं रविवारी सकाळी स्कूटरवरून यायचे, निर्मळच्या वाटेवरून केळी आणायचे, आणि खेळ सुरू करून खेळाकडं न बघता बोलत बसायचे. आभाळात काय आहे, सूर्य कधी विझणार, पृथ्वीवर आधी कोण होतं. मी मागं ओट्याशी चहा करायचे. चहा देताना माझी मान खाली असायची. त्यांचा त्रास नव्हता मला. रविवार त्यांचा, बाकीच्या दुपारी माझ्या.

बाय या बोलण्यात जशी घुसायची तसं कुणी घुसणार नाही. एकदा मास्तर सांगत होते, कोट्यवधी वर्षांपूर्वी आभाळातून डोंगराएवढा दगड पडला, धुरळ्यानं सूर्य झाकला, आणि डायनासोर सगळे मेले.

"आनि मासे?" बायनं विचारलं.

"मासे?"

"दगड पडला तवा दर्यात मासे असतीलच ना. त्यांचं काय झालं ते सांग."

मास्तर बोटांवर मोजायला लागले. "पुष्कळ मेले. काही वाचले. कासवं वाचली, मगरी वाचल्या. मुशी वाचली, शार्क म्हणतात ती. मुशी तर डायनासोरांच्याही आधीची."

"मुशी?" बाय खुर्चीतून उठली. गुडघ्यांची तिला आठवणही राहिली नाही. "आपली मुशी? आनि मी जल्मभर तिचे वाटे करून सस्त्यात विकले?"

दुसऱ्या दिवशी ती बाजारात जाऊन बसली. विकायला नाही, नुसती. कुणी मुशीचा भाव पाडायला लागलं की बाय मधे पडायची, "डायनासोर मेला, ही नाय मेली. आनि तू हिच्यासाठी घासाघीस करतेस?" शेवटी कोळणींनीच तिला हात धरून घरी आणून सोडलं.

दुसऱ्या एका रविवारी सूर्याचा विषय निघाला. मास्तर म्हणाले, सूर्य म्हातारा झाला की फुगेल आणि पृथ्वीला गिळून टाकेल. दाढीवाला गंभीर झाला. बाय म्हणाली, "गिळूं दे. तवर माजी भाडेकरीन खोली सोडायची नाय." सगळे हसले. मी ओट्याशी होते, मीही हसले, आवाज न करता.

मग नायगावची आली.

तिलाही नाव आहे. पण मी तिला मनात नायगावचीच म्हणत आले. नायगावला खाडीकडं नवे टॉवर झालेत, त्यातल्या एका उंच मजल्यावर ती एकटी राहायची. मुंबईला कुठल्याशा ऑफिसात कामाला, घरूनही काम करायची. केस कापलेले, हसताना तोंड पूर्ण उघडायची. खेळात तिची बोट बाण होती, एका खुर्चीची. बायचा आवाज हेडफोनमधून ऐकला आणि म्हणे ती बायच्या प्रेमात पडली. पहिल्याच रविवारी दारात चपला काढायच्या आधी ओरडली, "बाय, कोन हाय का?" बायचीच हाक, बायच्याच सुरात. बायला काय आनंद झाला! मला वाटलं, ही हाक हिला कुणी दिली?

ती रविवारवर थांबली नाही. घरून काम असलं की दुपारीही यायची. पहिल्या दुपारी मी नेहमीसारखी लाल खुर्चीत ताट घेऊन बसलेले. ती येऊन उभी राहिली. पडद्यावर इंग्रजीत काही तरी आलं, तिनं ते भरभर वाचून दाखवलं. नवा बाजार उघडलाय, खनिजाला तिथं जास्त भाव आहे. इतकी वर्षं अशी अक्षरं यायची, आणि बाय न वाचताच काही तरी दाबून ती घालवून द्यायची. मीही इंग्रजीपुढं तिच्यासारखीच. बायनं आधी पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग माझ्याकडं.

"ऊठ गो पोरी, तिला बसूं दे. तिला वाचता येतं."

मी उठले. ताटातले मणी सांडले थोडे. नायगावची म्हणाली, "अरे ताई, राहू दे ना, सिरियसली, मी उभी राहते," पण ती बसली. मग मी माझं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेलं. तिथून पडद्याचा अर्धाच भाग दिसायचा. चकती दिसायची नाही.

त्यानंतर मी किती काय काय पाहिलं, ते मलाच माहीत. नायगावची चपला दाराशी उलट्या-सुलट्या काढायची आणि बाय तिच्यावर ओरडायची, ते ओरडणं मला लाडाचं वाटायचं. बायला बिनदुधाचा चहा लागतो हे मला माहीत होतं, ते तिनंही शिकून घेतलं आणि मला सांगायला लागली, "ताई, बायच्यात दूध नको हं." एक दिवस बाय तिला "पोरी" म्हणाली. हाताशी आलेली सुई मी बोटात टोचून घेतली, चुकून. आमच्या कपांत एकाच्या कडेचा टवका उडाला होता. तो कप मी तिच्यासाठी ठेवला. रोज. ओठ लागतो तिथं टवका यावा असा कपाचा कान वळवून द्यायचे. ती कधी काही बोलली नाही. मला वाटलं, हिला कळत नाही. शिकलेल्या माणसांना अशा गोष्टी कळत नाहीत, असं मला वाटायचं.

आणि लाल ठिपके तिला दिसायचे नाहीत! वाचण्यात गुंतायची, आणि बोट लुटली जायची. मी उंबऱ्यावरून आवाजावर ओळखायचे, आता लाल आलाय. सांगावंसं वाटायचं. पण ती असताना माझा गळा बंद.

एका रविवारी तिघं आणि बाय असे बसलेले असताना विषय निघाला, या एवढ्या आभाळात आपल्यासारखं दुसरं कुणी आहे की नाही. नायगावची म्हणाली, "मला वाटतं कोणीच नाही. असतं तर एवढ्यात काही तरी बोललं असतं ना? एवढी शांतता कशी?"

"किंवा होते," दाढीवाला म्हणाला, "पण बोलायला शिकेपर्यंत मेले. एखादा दगड पडला असेल त्यांच्यावरही."

"किंवा स्वतःच स्वतःला मारलं," मास्तर म्हणाले.

"ते बरोबर," बाय म्हणाली. "आमचा मासा कुठं गेला? आभाळातून दगड नाय पडला. बारीक जाळी पडली." मग म्हणाली, "पन मुके असतील तर?"

सगळे हसायला लागले.

"हसता काय? ती बघा." बायनं बोट केलं ते थेट माझ्याकडं. मी ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी. "किती रविवार तुमी तिचा चहा पिता? तिचा आवाज कसा हाय सांगा बघू. जाड का बारीक?"

दाढीवाल्यानं दाढी खाजवली.

"नाय ठावं ना? मंग ती नाय का? चहा काय आभाळातून पडतो?"

एवढे हसले ते, की मास्तरांना ठसका लागला. नायगावची सगळ्यात जास्त हसली. मी ट्रे ठेवला आणि मागच्या दारानं माझ्या खोलीत निघून गेले. रागानं कानशिलं तापली होती. बायनं मला चांदणीसारखं बोटानं दाखवलं, आणि तेही तिच्यासमोर. जाताना नायगावची माझ्या दाराशी आली, कप हातात. "सॉरी हं ताई," म्हणाली. मग हळूच, "पण सांगा ना, जाड का बारीक?" मी कप घेतला आणि दार लोटलं.

बायचं सगळ्यात मोठं वेड मात्र पावसाळ्यात दिसायचं. जून लागला की पाचूबंदरच्या बोटी वर ओढतात, ताडपत्री घालतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी दर्यात जात नाही. मासे तेव्हा अंडी घालतात. बायही तेच करायची. तिची बोट कुठल्या तरी तळावर नेऊन लावायची, संगणक बंद करायची, आणि त्याच्यावर खरोखरची निळी ताडपत्री टाकून सुतळीनं बांधायची. तिच्या नवऱ्याच्या बोटीवरची राहिलेली होती ती.

एका वर्षी या मंडळींनी मोठी सफर ठरवली. खेळातल्या आभाळाच्या अगदी मध्यापर्यंत जायचं, जिथं सगळ्यांना गिळणारा काळा खड्डा आहे. कुठल्या कुठल्या गावांची माणसं येणार होती, आणि सुरुवात नेमकी आषाढात. तिघं बायची समजूत घालायला आले.

"बाय, तिकडं पाऊस नाहीये," दाढीवाला म्हणाला.

"इथं हाय ना."

"तिकडं मासे नाहीत गं."

"तुना काय ठावं? तुमीच सांगता, कोन हाय का नाय ते अजून कळलं नाय. असले तर त्यांना पिल्लं नसतील? पावसात त्यांच्यात जाळं घेऊन शिरायचं?"

"आपण जाळं कुठं नेतोय? बघायला चाललोय."

"सगले बघायलाच जातात पयले."

नायगावची म्हणाली, "बाय, तू नाहीस तर मी पण नाही." बाय तिच्यावर ओरडली, "तुज्या बोटीवर माजा हुकूम नाय. जा. जाऊन ये आनि सांग मना." ती गेली.

ते दोन महिने पुन्हा माझे होते. लाल खुर्चीत मी, लाकडी खुर्चीत बाय, मधे ताडपत्रीखाली झाकलेला संगणक, बाहेर पाऊस. मी माळा ओवायचे, बाय सुकट निवडायची. मला वाटलं होतं, मी खूश होईन. झालेही. पण बाय अधूनमधून सुकट ठेवायची आणि ताडपत्रीचं टोक उचलून खाली बघायची. नुसता बंद पडदा. "कुठवर पोचली असेल गो ती?" मला विचारायची. मला काय माहीत! माझ्या शेजारी बसूनही बाय माझ्याजवळ नव्हती, आणि तिकडं गेलेल्या त्या बाईला इथं न येताही माझी जागा मिळाली होती.

पुढच्या वर्षी बायनं जूनमध्ये बोट लावली, ताडपत्री बांधली, आणि पौर्णिमा यायच्या आत गेली. छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षा आणेपर्यंत संपलं. मुलगा परदेशातून आला, चर्चमध्ये सगळं पाचूबंदर जमलं. दाढीवाला आणि मास्तर पुरुषांत उभे होते. नायगावची माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि इतकी रडली की लोकांना ती बायची मुलगी वाटली. मी रडले नाही. तिच्या शेजारी मला रडू आलं नाही.

परत जाताना मुलगा म्हणाला, "वहिनी, तुमी राहा, खोली तुमचीच. तो कम्प्युटर मात्र नायगावच्या ताईंना द्या. आय बोललेली फोनवर, त्यांना द्यायचा." मी मान हलवली. आत आले, भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी ती संगणक न्यायला आली. बाहेर बंदरावर बोटींना झेंडे लावत होते, बँडवाले येऊन बसले होते. तिच्याकडं मोठी पिशवी होती, ती तिनं दाराच्या खिळ्याला अडकवली. अजून तिथंच आहे. मी चहा आणला. दुसऱ्या कपात. तिनं कपाकडं बघितलं आणि म्हणाली, "माझा कप फुटला का?"

मी ट्रे पदरानं पुसायला लागले.

"टवक्याचा. त्याची सवय झालीय मला. कान डावीकडं वळवला की ओठ वाचतो."

ती शांतपणे चहा प्यायली. मग सुतळी सोडून ताडपत्री काढली, घडी घातली, वायर काढण्याऐवजी संगणक सुरू केला. "आज बंदी उठली ना ताई? एकदा तिची बोट बाहेर काढू या. मग नेते." बायच्या लाकडी खुर्चीत ती बसली. मला ते आवडलं नाही. पडद्यावर बायची ढम्म बोट तळाला लागलेली. तिनं काही तरी दाबलं, आणि बोटीच्या आतलं दिसलं. दोन खुर्च्या. दोन्ही रिकाम्या.

"ही दुसरी जागा मी किती वेळा मागितली तिच्याकडं," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघत राहिले. तिला वाटलं, मला समजलं नाही.

"म्हणजे इथं, या खोलीत, मी बसायचे तिच्या शेजारी. पण तिकडं नाही. तिकडं मी माझ्या बोटीत, एकटी, मागं मागं. मला म्हणायची, ती जागा भरलेली हाय. मी म्हटलं, मुलासाठी ठेवलीयेस का? तर म्हणे, नाय गो. एक हाय. बोलत नाय, पन हाय. लाल दिसला का सांगते."

बंदरावर बँड सुरू झाला.

"मी तिला इंग्लिश वाचून दाखवायचे, सगळे बाजार शोधून द्यायचे, आणि बोट लुटली गेली की ती काय म्हणायची माहितीये? ती असती तर सांगितलं असतं. तुम्ही तिथं उंबऱ्यावर बसलेल्या असायचात, आणि मला तुमचा इतका राग यायचा, ताई. इतका."

"कधीपासून?" मी विचारलं.

ती चमकून वळली. तोंडावर हात ठेवला. "जाड आहे!" म्हणाली. "मला बारीक वाटला होता." आणि हसता हसता तिचे डोळे भरले. माझेही. पण मी ते पदरानं पुसले नाहीत, तिला दिसू नये म्हणून पडद्याकडं बघितलं.

लाल खुर्ची कोपऱ्यात होती. ती मी ओढून आणली, आखूड पायाखाली पुठ्ठा सरकवला आणि बसले. बायच्या खुर्चीत तिला बसू दिलं. ही मात्र दिली नाही. तिनं मागितलीही नाही. तिनं पडद्यावरच्या दुसऱ्या खुर्चीवर काही तरी दाबलं, इंग्रजीत दोन ओळी आल्या. "जागा भरली असं लिहिलंय," तिनं वाचून दाखवलं.

बोट तळावरून सुटली. नायगावचीनं ती दोन सूर्यांपाशी नेली, बाय जायची तिथं. चकतीत दोन हिरवे ठिपके आधीच थांबलेले. दाढीवाला आणि मास्तर. आज पौर्णिमा म्हणून बायच्या जागेवर येऊन उभे राहिलेले. हेडफोन मी कानाला लावले. बायच्या डोक्याच्या मापाचे, मला सैल होते. आत बराच वेळ नुसती खरखर. मग दाढीवाल्याचा आवाज आला, हळू, कुणी ओ देणार नाही हे ठाऊक असल्यासारखा.

"कोन हाय का रं?"

नायगावचीला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तिनं माझ्या वतीनं बोलायला माइककडं हात केला. मी माइक माझ्याकडं वळवला.

"आहे," मी म्हणाले.

तिकडं खरखरसुद्धा थांबल्यासारखी झाली. "कोण बोलतंय?" मास्तरांनी विचारलं.

"दुसऱ्या खुर्चीवरची."

तेवढ्यात चकतीच्या कडेला एक ठिपका उगवला. नायगावची समोर बघत होती, तिला दिसला नव्हता.

"डावीकडं लाल आहे," मी सांगितलं.